त्या पुस्तकाच्या आधी मी होतो

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि माझं मन लहान आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्यासारख्यांच्या कहाण्या तुम्ही शाळेत वाचल्या असतील, लिहिल्याही असतील. त्यातली छत्री, घंटा, फाटकी चप्पल, सगळे किती उदार असतात! झिजतात, गंजतात, अडगळीत पडतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात. मला ते जमलं नाही. मी जवळजवळ वर्षभर एका पुस्तकावर जळत होतो. आणि गंमत म्हणजे ते पुस्तक तेव्हा छापूनसुद्धा झालेलं नव्हतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या गावी, ते माहीत नाही. खोक्यात बंद करून पाठवलेल्याला गाव कुठून दिसणार? एवढं आठवतं, की पट्ट्यावरून पुढे सरकताना एका बाईने माझा आवाज चढवला, कान जवळ आणून ऐकला आणि समाधानाने मान हलवली. म्हणजे जन्मापासून मी आवाजाचा धनी. पाठही मला चांगली टोपलीएवढी होती. आजकालच्या टीव्हींना पाठच नसते, पालीसारखे भिंतीला चिकटून राहतात. माझी पाठ गरम असायची आणि थंडीच्या दिवसांत घरातली मांजर तिच्यावर झोपायची. सांगा, नव्या टीव्हीवर कोणतं मांजर झोपेल?

भंडाऱ्याच्या दुकानातून मला मोहाडीला आणलं ते हेमराजभाऊंच्या गाडीतून. हेमराजभाऊ कोशाच्या रेशमाचे व्यापारी. विणकरांना सूत आणून द्यायचं आणि विणलेलं कापड घेऊन जायचं, हा त्यांचा धंदा. सुताच्या गठ्ठ्यांमध्ये बसून मी मोतीलालभाऊ आणि शोभाताईंच्या घरी पोचलो, तेव्हा त्यांची रेणू चौथीत होती. मला पाहून ती दारातच नाचली. असं माझ्यासाठी परत कोणी नाचलं नाही.

या घराची एक रीत आहे. बाहेरून नवं कोणी घरात आलं, मग ती सून असो, बाळ असो नाहीतर शिलाई मशीन असो, त्याच्या अंगावर पहिलं कापड घरच्या मागाचं पडतं. मी आलो तेव्हा मागावर कोशाची साडी चढलेली होती, ती गिऱ्हाइकाची. म्हणून मला जुन्या लुगड्याच्या उरलेल्या सुताचा एक सुती तुकडा मिळाला. शोभाताईंनी तो माझ्या डोक्यावर टाकला आणि हळदीकुंकू लावलं. मी खूश होतो. तुलना करायला तेव्हा कोणी नव्हतं.

मला ठेवलं मागासमोर, लोखंडी पेटीवर. माग म्हणजे कापड विणायचा लाकडी सांगाडा. खाली खड्डा, खड्ड्यात पाय. हे नवराबायको करवतकाठी साडी विणायचे. तिच्या काठावर करवतीला असतात तसे दात असतात. साडीच्या मधल्या भागाचं आडवं सूत नेणारा धोटा शोभाताईंच्या हातात, काठाचे धोटे मोतीलालभाऊंच्या हातात. दात पालटायची वेळ आली की शोभाताई म्हणायच्या, "हं!" आणि मोतीलालभाऊंचा धोटा सुटायचा. दिवसभर त्या घरात खटक-खटक आणि हं, खटक-खटक आणि हं. नवराबायकोचं दुसरं बोलणं त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत व्हायचं. भांडणसुद्धा.

सुतावरून नजर हलली की दात चुकला. म्हणून त्या घरात टीव्ही पाहायचा नसायचा, ऐकायचा असायचा. मागाच्या खटखटीवर मात करायला माझा आवाज शेवटच्या टोकाला चढवलेला. त्या ओढाताणीत माझ्या घशाला एक खरखर लागली. मोठ्या आवाजातलं वाक्य संपलं की मागून आपोआप यायचं, खर्र. कोणी तक्रार केली नाही. बेबीबाई तर म्हणायच्या, "तुमच्या टीव्हीचा आवाज कसा भरदार हाये! आमच्या करडीच्या सरपंचालेबी असा नाई."

बेबीबाई म्हणजे शोभाताईंची मोठी बहीण. करडीला दिलेली, घरची धानाची शेती. रोवणी आणि कापणीचे दिवस सोडले तर दर रविवारी सकाळी त्या मोहाडीला हजर, कारण रविवारी सकाळी 'ध्रुवयान' लागायचं.

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. 'ध्रुवयान' ही अंतराळातली मालिका होती. ध्रुवयान नावाचं एक यान पृथ्वीपासून इतकं दूर जातं, की परतीची वाट सापडत नाही. त्याची कॅप्टन सौदामिनी. आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा दामले. हा दामले कधी ग्रहावर उतरला नाही, कधी बंदूक चालवली नाही. कानाला यंत्र लावून एका कोपऱ्यात बसायचा आणि ऐकायचा. मोतीलालभाऊंचा तो सगळ्यांत लाडका. ते म्हणायचे, "बाकीचे सारे पयून राहिले. कामाचा माणूस एकच, बसला हाये अन् ऐकून राहिला."

रेणू माझ्या पुढ्यात बसून चित्र सांगायची. "आई, आता लाल दिवा लागला. आता कॅप्टनने दार उघडलं." शोभाताई सुतावरची नजर न हलवता विचारायच्या, "साडी कोणती नेसली हाये तिनं?" रेणू ओरडायची, "आई, यानात साडी नसते!" "काहून नसते? एवढ्या दूर जाऊन राहिली अन् एक साडी नाई?" हेमराजभाऊ कापड न्यायच्या निमित्ताने यायचे आणि संपेपर्यंत हलायचे नाहीत. ते माझे सोन्याचे दिवस. मी बोलत होतो आणि पाच माणसं श्वास रोखून ऐकत होती. दुसरं काय हवं असतं कोणाला?

मग एका रविवारी तो भाग आला. यानाचा संदेश पकडणारा खांब मोडला. तो जोडायला कॅप्टन सौदामिनी दोरी बांधून बाहेर पडली आणि दोरी तुटली. काळ्या आकाशात ती लांब लांब जात राहिली. तिने शेवटचं विचारलं, "कोणी ऐकतंय का?" आणि अंधार.

"कोणी ऐकतंय का? खर्र." ते खर्र मालिकेत नव्हतं. ते माझं.

माग थांबला होता. रविवारी सकाळी त्या घरातला माग थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच. वाहिनीने मालिका बंद केली होती. का, ते कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून या घरात एक भांडण सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. मोतीलालभाऊ म्हणायचे, दामलेने तिचा आवाज ऐकला, ती वाचली. शोभाताई म्हणायच्या, "खांबच मोडला तं ऐकन कसा तो?"

"ऐकणाऱ्याले ऐकू येते."

"हो, मोठे आले. हं!"

खटक-खटक. बेबीबाईंचं मत तिसरंच. "बारा वर्षं झाली, शोभे. अजून तेरवी नाई केली त्या बाईची. करून टाका एकदा, तिले तरी सुटका."

आता दुःखाचं सांगतो. मोतीलालभाऊंना कमी ऐकू येऊ लागलं. जन्मभर मागाची खटखट, त्यात माझा चढलेला आवाज. कान किती सोसणार? सुरुवातीला ते "काय म्हणाली?" असं विचारायचे. नंतर विचारायचंही सोडलं. कानाचं मशीन आणलं, पण मागाजवळ बसलं की ते नुसतं शिट्टी मारायचं. ते डबीत गेलं आणि डबी देवळीत. शोभाताईंचा 'हं' त्यांच्यापर्यंत पोचेना. धोटा उशिरा सुटू लागला आणि काठाचे दात वाकडे पडू लागले. हेमराजभाऊंना एक साडी परत आणावी लागली. त्या दिवसापासून या घरात करवतकाठी विणणं बंद झालं. मोतीलालभाऊंनी मागावर बसणं सोडलं. शोभाताई एकट्या बसून साधं कापड विणू लागल्या.

ऐकू न येणाऱ्याला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. एकदा हेमराजभाऊ आले असताना मोतीलालभाऊंनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, ती इतक्या मोठ्याने, की गल्लीतली दोन-तीन माणसं दारात येऊन उभी राहिली. हेमराजभाऊ हसत हसत, हाताने खूण करत म्हणाले, "हळू बोला, मोतीलालभाऊ! भंडाऱ्यापर्यंत ऐकू जाऊन राहिलं." सगळे हसले. मोतीलालभाऊंना शब्द ऐकू आले नाहीत, पण खूण कळली आणि हसणारी तोंडं दिसली. त्यानंतर त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलंच. मान हलवायची, हात हलवायचा, बस. खटक-खटक उरली, 'हं' गेला, आणि त्यांच्या मधल्या जागेत जे बोलणं व्हायचं, तेही गेलं. शोभाताई कधी कधी सवयीने 'हं' म्हणून जायच्या आणि मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहायच्या. ते मी रोज पाहत होतो.

रेणू मोठी झाली, तुमसरला शाळेत शिकवू लागली. घरात फोन आले. मला महिनोन्महिने कोणी लावेना. फोनचा मला राग आला, पण हेवा नाही वाटला. त्या चपट्या जिवाचा काय हेवा करायचा? त्याला दिवसातून दोनदा पाजावं लागतं.

हेवा सुरू झाला गेल्या पावसाळ्यात. हेमराजभाऊ धावत आले, फोन हातात धरून. "शोभाताई! ध्रुवयानची कादंबरी येऊन राहिली! मालिका लिहिणाऱ्यानंच लिहिली. पुढं काय झालं ते सारं हाये म्हणते तिच्यात. दिवाळीले येते." आणि त्यांनी फोन मोतीलालभाऊंच्या डोळ्यांसमोर धरला. मोतीलालभाऊंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या तोंडून आवाज फुटला.

"दामलेनं ऐकलं असन!"

ते इतक्या मोठ्याने निघालं, की माझ्या पाठीवरचं मांजर उडालं. लगेच त्यांनी हेमराजभाऊंकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. पण डोळे! ते डोळे मी ओळखले. ते माझे होते, रविवारचे. आता ते एका कागदाच्या गठ्ठ्यासाठी चमकत होते.

त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणं नाही. हेमराजभाऊंनी फोनवर जिल्ह्यातल्या ध्रुवयानप्रेमींचा एक गट काढला. साकोलीचा कोणी डॉक्टर, पवनीची कोणी वकीलबाई, चिखल्याच्या खाणीतले दोघे, सगळे मिळून दिवसभर वाद. कॅप्टन वाचते की नाही? दामले म्हातारा झाला असेल का? मुखपृष्ठाचं चित्र आलं तर त्याच्यावर चार दिवस चर्चा: दोरी कुठून तुटलेली दाखवली आहे? मी इथे अख्खीच्या अख्खी मालिका बोलून दाखवली, तेव्हा माझ्या काचेवरची धूळ पुसायला कोणाला वेळ नव्हता. आणि त्याच्या नुसत्या मुखपृष्ठाला चार दिवस!

पण खरा घाव पुढेच होता. मोतीलालभाऊंनी पुस्तक मागवलं आणि शोभाताई म्हणाल्या, "घरात नवं येऊन राहिलं. त्याच्या अंगावर मागाचं कापड पाह्यजे." एवढं ठीक. मी समजून होतो, असेल एखादा सुती तुकडा. पण नाही. कोसा! आणि साधा नाही, करवतकाठी!

बेबीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "शोभे, पुस्तकाले कोसा? मले माझ्या लग्नात नाई भेटला."

"तुह्या लग्नाची बारा वर्षं वाट नव्हती पाह्यली कोणी."

करवतकाठीला दोघं हवीत. शोभाताईंनी नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांना मागावर आणलं. ते मान हलवत होते, कानाकडे बोट दाखवत होते. शोभाताईंनी त्यांना शेजारी बसवलं, काठाचा धोटा हातात दिला, आणि दात पालटायची वेळ आली तसा कोपर हळूच त्यांच्या कोपराला लावलं. म्हणजे 'हं'. मोतीलालभाऊ चमकले. धोटा सुटला. उशिराच सुटला, दात वाकडा पडला. शोभाताई म्हणाल्या, "राहू द्या. अंतराळात तरी कुठं सारं सरळ असते?" त्यांना ऐकू आलं नाही, पण त्या हसल्या म्हणून तेही हसले.

तुम्हाला वाटेल, हे पाहून माझं मन भरून आलं असेल. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला फक्त कोसा दिसत होता. मी इतकी वर्षं जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली, आणि जो अजून जन्माला आला नाही, त्याला रेशमी काठ!

दिवाळी आली, पुस्तक आलं नाही. प्रकाशकाने कळवलं, संक्रांतीला येईल. मला इतका आनंद झाला, की कोणी लावलं असतं तर मी सगळे रंग एकदम दाखवले असते. संक्रांत आली. पुस्तक होळीला येईल म्हणे. गटावर रडारड. शोभाताई म्हणाल्या, "धीर धरा. साडीबी एका दिवसात होत नाई." मोतीलालभाऊ रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसू लागले, पोस्टमनच्या वाटेकडे तोंड करून. माझ्याकडे पाठ.

त्या दिवसांत मला एकच समाधान होतं. पुस्तक मुकं असतं. शोभाताईंचे दोन्ही हात मागावर, दोन्ही डोळे सुतावर. त्या कधी वाचणार? माझ्यासारखा खणखणीत गळा लागतो या घराला. येऊ दे त्याला. पडून राहील माझ्याच शेजारी, पेटीवर.

ही अडचण त्यांच्याही लक्षात आली होती. हेमराजभाऊंनी तोडगा काढला. पुस्तक आलं की कोणी उघडायचं नाही. रविवारी सकाळी, मालिकेच्याच वेळेला, सगळ्यांनी जमायचं. रेणू शिक्षिका, तिचं वाचन स्वच्छ. ती तुमसरहून येईल आणि मोठ्याने वाचेल. सगळ्यांना पसंत पडलं. बेबीबाई म्हणाल्या, "मी येतो. उन्हाळी धानाले पाणी लावून पयलीच गाडी पकडतो." शोभाताईंनी मान डोलावली. फोनवर लिहून मोतीलालभाऊंना एवढंच दाखवलं: 'रविवारी, सगळे मिळून.' त्यांनी आनंदाने अंगठा वर केला.

चूक कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही. मी जळण्यात गुंतलो होतो.

होळी झाल्यावर गुरुवारी पुस्तक आलं. पोस्टमनने पुडकं दिलं, मोतीलालभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. वरचा कागद निघाला आणि शोभाताई कापड घेऊन आल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला एक फार सुखाचा क्षण आता सांगतो. कापड पुरलं नाही! या घरात पुस्तक म्हणजे रेणूचं शाळेचं पुस्तक. शोभाताईंनी त्याच्याच मापाने कापड विणलं होतं. आणि ही कादंबरी उशीएवढी जाड. कापड इकडून ओढलं की तिकडून उघडं. बेबीबाईंना रविवारपर्यंत धीर निघाला नाही; त्या शुक्रवारीच मुक्कामाला आल्या आणि ते पाहून पोट धरून हसल्या. "शोभे, तू टोपडं शिवलं बाळाचं अन् आला पैलवान!" शेवटी कापड घडी करून पुस्तकावर ठेवलं आणि दोन्ही माझ्या शेजारी, पेटीवर. मोतीलालभाऊ दिवसातून कितीदा तरी येऊन पुस्तकावर हात ठेवून जायचे. उघडलं नाही त्यांनी. शब्द दिला होता.

रविवार उजाडला. रेणू आली. हेमराजभाऊ पेढे घेऊन आले. शोभाताई मागावर बसल्या, कारण या घरात ध्रुवयान ऐकायचं ते विणताना. पण आज माग हळू चालवायचा, आवाज कमी. मोतीलालभाऊ खाटेवर, सगळ्यांत पुढे, गुडघ्यांवर हात ठेवून. अंगात इस्त्रीचा सदरा.

रेणूने पुस्तक उघडलं आणि वाचू लागली. छान वाचत होती. बेबीबाई गालाला हात लावून ऐकत होत्या. हेमराजभाऊ डोळे मिटून. एका विनोदावर सगळे हसले.

आणि मोतीलालभाऊही हसले. पण एक क्षण उशिरा.

आमच्यात असं होतं. कधी कधी चित्र पुढे जातं आणि आवाज मागे राहतो. माणसाचे ओठ हलून जातात आणि शब्द नंतर येतो. बिघाड असतो तो, आम्हाला लगेच कळतो. मोतीलालभाऊ तसे दिसत होते. इतरांच्या तोंडाकडे पाहून ते हसत होते, इतरांच्या कपाळावर आठी आली की आपलं कपाळ आक्रसून घेत होते. रेणूचे ओठ हलत होते, पानं उलटत होती, आणि ज्याने दारात बसून महिनेच्या महिने वाट पाहिली, त्याच्यापर्यंत त्यातला एक शब्दही येत नव्हता. सगळी तयारी झाली होती. खुर्च्या, पेढे, कोशाचं कापड, वाचणारी. फक्त त्याला ऐकू येत नाही, एवढंच सगळे विसरले होते.

ते रागावले नाहीत. मध्ये उठलेही नाहीत. इतके लोक आनंदात आहेत, आपण कशाला विघ्न, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मला नवा नव्हता. धूळ बसलेल्या काचेत मी तो रोज पाहत होतो. आणि खरं सांगतो, त्या घडीला मी पुस्तकावर जळायचं विसरलो. मला ओरडावंसं वाटलं. पण माझी वायरच काढलेली होती.

रेणू वाचत होती, "खांब मोडून पडला होता. यानात कोणी बोलत नव्हतं..." शोभाताईंनी सवयीने कोपर शेजारी सरकवलं. शेजारी कोणी नव्हतं. त्यांनी मान वर करून पाहिलं. नवरा खाटेवर होता, लेकीच्या ओठांकडे पाहत.

माग थांबला.

शोभाताई खड्ड्यातून पाय काढून उठल्या. "रेणू, थांब." रेणूच्या हातातून त्यांनी पुस्तक घेतलं. त्यावरून तिच्या मांडीवर घसरलेलं कोशाचं कापड कुठे ठेवू, म्हणून इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर टाकलं. पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं. मग पहिल्या पानावर बोट ठेवलं, आणि ते बोट आपल्या कानाला लावलं. तुम्ही वाचा, मी ऐकते.

मोतीलालभाऊ घाबरले. त्यांनी हेमराजभाऊंकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

शोभाताईंनी त्यांना मागावर नेलं, शेजारी बसवलं, धोटा आपल्या हातात घेतला आणि कोपर त्यांच्या कोपराला लावलं. हं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधी घशातल्या घशात, मग जरा मोकळं, मग आवाज चढत गेला. माग पूर्ण वेगात सुटला आणि तो आवाज मागाच्या वर गेला. दारात माणसं जमली. शेजारची पोरं खिडकीला लटकली. हेमराजभाऊंचा हात सवयीने वर जायला लागला, तोंड उघडलं.

"काही बोलू नका, हेमराजभाऊ," शोभाताई धोट्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "जाऊ द्या आज भंडाऱ्यापर्यंत."

हेमराजभाऊंचा हात पेढ्यांच्या खोक्यावर जाऊन पडला.

आणि मोतीलालभाऊ त्या जागी आले. अंधार, तुटलेली दोरी. त्यांनी दम घेतला आणि कॅप्टन सौदामिनीच्या तोंडचं वाक्य वाचलं:

"कोणी ऐकतंय का? खर्र."

मित्रांनो, पुस्तकात ते खर्र छापलेलं नव्हतं. रेणूने चमकून वडिलांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. बेबीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मोतीलालभाऊंना काहीच कळलं नव्हतं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. त्यांच्या कानांनी जपून ठेवलेला कॅप्टनचा आवाज होता, तोच ते वाचत होते, आणि तो माझ्या घशातून गेलेला होता.

त्यांनी पुढची ओळ पाहिली. थांबले. बोटाने ओळ पुन्हा चाचपली. मग छाती भरून, सगळ्या मोहाडीला सांगावं तसं वाचलं:

"ऐकतोय, कॅप्टन. दामले ऐकतोय. बोला!"

खिडकीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. बेबीबाई म्हणाल्या, "वाचली माय! तेरवी वाचली." शोभाताई आपलं बारा वर्षांचं भांडण हरल्या होत्या. त्यांनी नाक ओढलं आणि कोपर लावलं. हं. मोतीलालभाऊंनी पान उलटलं.

आता दर रविवारी वाचन असतं. पुस्तक जाड आहे, पावसाळ्यापर्यंत पुरेल. करवतकाठी साडी पुन्हा मागावर चढली आहे. अजून एखादा दात वाकडा पडतो. हेमराजभाऊ म्हणतात, चालवून घेऊ.

कहाणी संपवताना माझ्यासारखे लोक उपदेश करतात, तो मीही करतो. तुमच्या घरात कोणाला ऐकू कमी येत असेल, तर त्याच्या आवाजाला हसू नका. आपण बेत ठरवतो, खुर्च्या मांडतो, तेव्हा त्याच्या जागी बसून एकदा पाहा, तिथून काय ऐकू येतं. आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, तर त्याला मोठ्याने सांगू द्या. गल्ली ऐकते, ऐकू दे.

जुना टीव्ही असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. पाठीमागूनही. मांजराचे केस फार अडकतात.

पुस्तकावर मी अजूनही थोडा जळतो. ते शोभाताईंच्या उशाशी झोपतं आणि मी पेटीवर. पण ते कोशाचं करवतकाठी कापड त्या रविवारी माझ्या डोक्यावर पडलं, ते कोणी उचललंच नाही. मला ते लहान होतं, टकलावर टोपी बसावी तसं दिसतं. काल बेबीबाई ते काढायला आल्या होत्या. मोतीलालभाऊंनी हात आडवा धरला आणि म्हणाले, "राहू दे त्याच्यावर. सारं त्यानंच तं सांगतलं मले."

फार मोठ्याने म्हणाले. भंडाऱ्यापर्यंत गेलं असेल.